विस्तव नेणारीनं बोलायचं नसतं

घर पठारावरून खाली गेलं तर सगळ्यांत जास्त फायदा कोंडाबाईचा होता. तिनं तो कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण मनाशी पक्का मांडून ठेवला होता. पहिला फायदा पाण्याचा. पठारावरचा झरा दोन वर्षं माघातच आटत होता. मग दिवसाला तीन खेपा, उतरताना गुडघे जायचे आणि चढताना छाती. नवी जागा पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होती. दुसरा फायदा माहेराचा. वेल्ह्याची वाट नव्या जागेच्या अंगावरून जात होती. कामथडीहून तिचा भाऊ वर्षातून एकदा पठारावर यायचा आणि आल्यावर अर्धा दिवस नुसता धापा टाकायचा. बहिणीशी बोलायला उरलेला अर्धा. तिसरा फायदा चुलीचा, आणि खरं म्हणजे पहिले दोन या तिसऱ्याला तोंडी लावण्यापुरते होते.

कोंडाबाई थोरली सून होऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत लाकूड तिनं आणलं, दळण तिनं दळलं, भाकरी तिनं थापली. पण कालवणात मीठ पडायचं ते सासूच्या, सारजाबाईच्या, हातानंच. मिठाचं मडकं सारजाबाईच्या मांडीशी असायचं. एकदा आळणी कालवण झालं म्हणून कोंडाबाईनं चिमूट टाकली, तर सारजाबाई चार दिवस प्रत्येक घासाला ‘खारट हाय’ म्हणत जेवली होती.

आता मात्र रीतच कोंडाबाईच्या बाजूनं उभी होती. घर हललं की जुन्या चुलीतला विस्तव खापरात घालून नव्या जागी न्यायचा, आणि ज्या हातानं विस्तव येईल त्या हाताची चूल. त्याला नियम तीन. विस्तवानं छपराच्या मागून चालायचं. खापर वाटेत भुईला टेकवायचं नाही. आणि विस्तव नव्या जागी पडेपर्यंत नेणारीनं तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की घरात भांडण शिरतं म्हणतात. सारजाबाईच्या गुडघ्यांना आता खापर घेऊन उतरणं झेपणार नव्हतं. कोंडाबाईला एवढंच पुरेसं होतं.

नव्या जागी मेढी, म्हणजे छप्पर पेलायचे खांब, उभ्या राहिल्या होत्या. कुडाच्या भिंती नंतर घालायच्या. आधी छप्पर यायचं होतं, आणि ते अख्खंच्या अख्खं. आबांनी, म्हणजे सारजाबाईच्या नवऱ्यानं, जायच्या आधीच्या चैत्रात ते स्वतःच्या हातानं शाकारलं होतं. ते मोडायला कुणाचा हात धजला नसता, आणि त्यातलं गवत इतकं दाट बसलं होतं की मोडायची गरजही नव्हती. फक्त एका टोकाला, चुलीच्या वर, धूर जायला हातभर मोकळी जागा होती. तेच धुराडं.

छप्पर हलवायच्या आदल्या दिवशी कोंडाबाई आणि धाकटी जाऊ ठकुबाई नवी जमीन सारवत होत्या. वाटेकडच्या टोकाला कोंडाबाईनं आठवड्यापूर्वीच मातीची चूल घातली होती. ती वाळून टणक झाली होती.

“जाऊबाई, चूल वाटंच्या तोंडालाच बरी घातली,” ठकुबाई म्हणाली. “जाता-येता कोण गेलं, कोण आलं, समदं दिसंल.”

“धूर वाऱ्यानं भाईर जातो म्हून घातली.”

“व्हय व्हय, धुरासाठीच. आन् आत्याबाईंचं अंथरूण?”

“त्या टोकाला. वाघराकडं.” कोंडाबाईनं शेणाचा हात न थांबवता सांगितलं. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायचं जाळं; ते त्या टोकाला लागणार होतं. “म्हाताऱ्या माणसाला मेंढरांची सोबत आवडती.”

ठकुबाईनं ते वाक्य नीट ऐकून ठेवलं. ठकुबाईचा स्वतःचा हिशेब साधा होता. सासूच्या हाताखाली दोन्ही जावा सारख्या. पण चूल थोरलीकडं गेली तर धाकटी तिच्या हाताखाली जाणार. म्हणजे तोटा. तोटा भरून मिळाल्याशिवाय ती कुणाच्या बाजूनं नव्हती.

“चूल तुमाला मिळंल,” ती म्हणाली, “मग आमी काय, नुसती लाकडं फोडायची?”

कोंडाबाईनं मान वर केली. “दह्याचं शिंकं तुझं.”

“लोणीबी?”

“शिंकं म्हंजी लोणी आलंच की.”

“मग विस्तव तुमीच न्यावा, जाऊबाई. तुमच्यासारखा धीराचा हात हाय कुणाचा?”

तिन्हीसांजेला ठकुबाई पठारावर परतली तेव्हा तिचं शिंकं पक्कं झालं होतं. तिथं सारजाबाई जुन्या चुलीशी बसली होती. ठकुबाईनं सासूला सगळं सांगितलं; नवी चूल कुठं, अंथरूण कुठं, आणि मेंढरांच्या सोबतीचं वाक्य तर जसंच्या तसं. नुसतं बघावं, म्हातारी काय देते.

सारजाबाई रागावली नाही. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि चांदीच्या दोन मासोळ्या ठकुबाईच्या हातावर ठेवल्या. आबा गेल्यापासून तिनं पायात काही घातलं नव्हतं.

“ठके, उद्याच्याला तुला काय समजलं न्हाई तर बरं.”

“मला तसंबी कमीच समजतं, आत्याबाई,” ठकुबाई म्हणाली, आणि मासोळ्या पायाच्या बोटांत घालून बघितल्या. चपखल बसल्या.

इरजिकीला पैसा लागत नाही. येणारा खांदा देतो, घरवाला जेवण देतो. सकाळी आसपासच्या वाड्यांवरून तीस माणसं आली, पुढारी सोनबा. सोनबाच्या अंगाला तेल आणि तोंडाला जेवणाची चौकशी.

“रायबा, बकरं कंचं?”

थोरला मुलगा रायबा, कोंडाबाईचा नवरा, घरचा कर्ता. त्यानं नजर टाळत दावणीकडं बोट केलं. तिथं काळा बोकड उभा होता. धाकट्या बिरूनं, ठकुबाईच्या नवऱ्यानं, तो करडापासून स्वतःच्या घासातला घास घालून वाढवला होता.

बिरू दोरखंड टाकून उठला. “दादा, त्यो माझा हाय. ह्या बाजाराला मी त्यो इकणार व्हतो. कापूरहोळला जाऊन मोटारीत बसून पुण्याला जायचं म्हून मी दोन वर्सं त्येला खाऊ घातलंय. तुला म्हाईत हाय.”

“मोटार काय पळून चाललीय?”

“पळायसाठीच अस्ती ती.”

सोनबाची माणसं हसली. रायबाही हसला असता, पण कर्त्याला तिथं हसायची मुभा नव्हती. “बिरू, म्या न्हाई ठरवलं. आयेनं सुचवलं. घराचं काम हाय, घरातलं सगळ्यांत चांगलं जनावर पायजे, म्हणली. ह्येच्या बदल्यात गाभण शेळीचं पयलं करडू तुझं.”

“अजून पोटात हाय ते!”

“मग तवर दावं लागत न्हाई त्येला.”

बिरूनं घोंगडं खांद्यावर टाकलं. “माझं बकरं न्या, माझा खांदाबी न्या. पर सकाळच्या गारव्यात मेंढरं खाली न्यायचं माझ्याकडं व्हतं, ते आता तुमचं तुमी बघा.”

“रुसू दे लेकराला,” सारजाबाई मागून म्हणाली. “मेंढरं मी आणते. सावकाश.”

बिरूचा रुसवा तिच्या पोटचा होता. तो कधी आणि कशानं येतो हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग तिनं आणखी एक गोष्ट केली, आणि सगळ्या वाडीसमोर केली. चुलीतले निखारे खापरात भरले, वर राख पांघरली आणि खापर कोंडाबाईच्या हातात दिलं.

“घे, कोंडे. एकुणीस वर्सं झाली. आता तू ने.”

कोंडाबाई काही म्हणणार होती, तेवढ्यात सारजाबाईनं बोट ओठावर ठेवलं. “इस्तू हातात हाय. बोलायचं न्हाई.”

कोंडाबाईनं तोंड मिटलं. न भांडता मिळालेलं दान तिला पचेना. ते कुठून वसूल होणार याचा ती वाटभर विचार करीत राहिली.

छपराखाली रायबाला काही दिसत नव्हतं. आडवे बांबू खांद्यावर, कानात गवत, पुढं सोनबाची घामेजली पाठ. तीस माणसं आणि उजेड फक्त पायांपुरता. वाट दाखवायला पुढं नूरुद्दीन होता. भोरचा लोकरीचा व्यापारी, आबांचा जुना सोबती. तो लोकर न्यायला आला होता आणि न मागता मुकादम झाला होता.

“धरणाच्या टायमाला खालच्या गावांची ईस छपरं हलताना म्या पाह्यलीत,” तो ओरडून सांगत होता. “डोळं मिटून या माझ्यामागं!”

“मिटल्यालंच हायेत!” छपराखालून कुणीतरी म्हणालं.

“नूरभाई, खड्डा असंल तर आधी सांगा. पडल्यावर नगा सांगू.”

“सोनबा, बोकडाचा रस्सा करायचा का सुकं?”

“आधी पोचू दे रं.”

“पोचायसाठीच इचारतोय. सुकं असंल तर बेतानं चालतो.”

उतार संपून सपाट माळ लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माळावर झाडाचं नाव नाही. पन्नास पावलांवर नव्या मेढी दिसत होत्या. म्हणजे नूरुद्दीनला दिसत होत्या. कोंडाबाईलाही, छपराच्या मागं दहा पावलांवरून. हात भाजायला लागले होते, पण ती मनात हसत होती. छप्पर सरळ चाललं होतं. धुराड्याचं टोक पुढं, वाटेकडं. म्हणजे नेमकं तिच्या चुलीवर बसणार होतं.

तेवढ्यात बाजूच्या चढावरून मेंढरं आली.

सकाळच्या गारव्यात आली असती तर चरत गेली असती. पण ही दुपारची मेंढरं. तापलेली, मान खाली घातलेली, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून चालणारी. तापलेल्या मेंढराला एकच गोष्ट दिसते, सावली. आणि त्या अख्ख्या माळावर एकच सावली होती. ती चालत होती.

म्होरक्या एडका आधी घुसला. मग साठ मेंढरं.

“आरं, कोण ढकलतंय?”

“मी न्हाई. मलाच कोणतरी ढुशी मारतंय.”

“रायबा, तुजं मेंढरू माझ्या दोन पायात हाय.”

“कुठलं?”

“त्येनं नाव न्हाई सांगितलं!”

नूरुद्दीन मेंढरं हाकायला पाठमोरा वळला आणि एडक्यानं त्याला ज्या जागी धडक दिली, तिच्यामुळं तो पुढं आठ दिवस उभ्यानंच चिलीम ओढत होता. मुकादम आडवा झाला. छपराखाली तीस माणसं मेंढरांच्या लोंढ्यात उभी, पाय हलवता येईना, छप्पर टेकवता येईना.

“आता कुणीकडं?” सोनबा आतून ओरडला. “नूरभाई!”

नूरुद्दीनच्या जागी दुसराच आवाज आला. शांत, सावकाश.

“भावजी पडल्यात. मी सांगते. डाव्या अंगाला फिरा.”

कोंडाबाईनं बघितलं. सारजाबाई पदर सावरत छपरापुढं उभी होती.

“आये, सरळच हाय ना?” रायबानं विचारलं.

“तुला काय दिसतंय का?”

“न्हाई.”

“मग फिर. डावीकडं. अजून. मेंढरं तुडवू नका. अजून वाईच.”

छप्पर फिरू लागलं. आबांनी शाकारलेलं ते अजस्र छप्पर, साठ-चौसष्ट पायांवर आणि त्याहून पुष्कळ खुरांवर, एखाद्या म्हाताऱ्या म्हशीनं कूस बदलावी तसं सावकाश फिरू लागलं. पाव वळण झालं. कोंडाबाईनं मान हलवली. अर्धं होत आलं. ती खापर दोन्ही हातांत धरून धावली, ठकुबाईच्या पुढं उभी राहिली, डोळ्यांनी छप्पर दाखवलं, हनुवटीनं धुराडं दाखवलं, कोपरानं उलट्या बाजूनं फिरवायची खूण केली. आयुष्यात एवढं बोलायचं तिच्याजवळ कधीच साचलं नव्हतं.

ठकुबाईनं तिच्याकडं काळजीनं पाहिलं. “हात पोळत्यात व्हय, जाऊबाई? फुकर घालू?”

कोंडाबाईनं पाय आपटला. ठकुबाईच्या पायात चांदी चमकली आणि कोंडाबाईला एका क्षणात पुष्कळ काही कळलं.

“आता सरळ या,” सारजाबाई म्हणाली. “दोन पावलं. टेका.”

छप्पर मेढींवर बसलं. कुठंही तसूभर फरक नाही. दोन्ही टोकांच्या मेढी सारख्याच होत्या. लोक टाळ्या पिटत बाहेर आले. मेंढरं बाहेर आली नाहीत.

आत उजेडाचा एक पट्टा उतरला होता. वाघराकडच्या टोकाला, जिथं सारजाबाईचं अंथरूण पडायचं होतं. वाटेकडच्या टोकाला, मातीच्या नव्या चुलीवर, दाट गवताचा गच्च अंधार होता.

रायबानं वर पाहिलं, खाली पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि पुन्हा वर पाहणं पसंत केलं. “धुराडं तिकडं कसं गेलं?”

“मेंढरांनी फिरवलं,” सारजाबाई म्हणाली. मेंढरांना विचारायची सोय नव्हती.

“इकडं एक भोक पाडू या,” बिरू म्हणाला. रुसवा विसरून तोही वर बघत होता.

“आबाच्या हातची शाकारणी हाय,” सोनबा म्हणाला. “एकडाव भोसकली की पयल्या पावसात समदी सुटंल. परत फिरवायचं असंल तर फिरवू. पर आता अंगात जीव न्हाई. उद्या. आन् उद्याचं बकरं आताच सांगा.”

बकरं म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा आपोआप मेढीला बांधलेल्या तांबड्या शेळीवर गेल्या. ती कामथडीहून आलेली, कोंडाबाईच्या माहेरची. कोंडाबाईचीही नजर तिकडं गेली. मग मातीच्या चुलीकडं. मग सासूकडं.

सारजाबाई तोवर वाटेकडच्या टोकाला घोंगडी अंथरून बसली होती. पाठ टेकायला तिला नवी चूल बरोबर उंचीची सापडली. समोर मोकळी वाट, पार वेल्ह्याच्या वळणापर्यंत.

चाळीस वर्षं ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. आबा बाजारातून यायचे तेव्हा आधी कुत्र्याला दिसायचे, मग शेळ्यांना, मग शेजाऱ्यांना. तिला दिसायचे ते दारातून आत आल्यावर, धुरातून, डोळे पुसून. खाली जायचं ठरलं तेव्हा तिनं चुलीचा हट्ट धरलाच नव्हता. विस्तव कोंडीनं न्यावा, हे तिचं केव्हाच ठरलं होतं. पण मेंढरांची सोबत!

“कोंडे,” ती म्हणाली, “हात पोळंल. इस्तू ज्या जागी धूर जातो त्या जागी पडू दे.”

खापर आता खरंच धरवत नव्हतं. कोंडाबाईनं पुन्हा एकदा शेळीकडं पाहिलं. रायबा शेळीच्या पुढं जाऊन उभा राहिला, नकळत. बायको तांबडी कापायला सांगेल की काय, ही भीती. आणि सांगणार नाही याची खात्रीही.

कोंडाबाई वळली. वाघराकडच्या टोकाला गेली. उजेडाच्या पट्ट्यात पायानंच तीन धोंडे सारले, विस्तव त्यांच्यात ओतला, वर काटक्या ठेवल्या आणि गुडघ्यावर बसून फुंकलं. धूर वर गेला, अगदी सरळ, आबांच्या धुराड्यातून. मग जाळ लागला.

आता ती बोलू शकत होती. तीस माणसं, दोन भाऊ, एक जाऊ आणि मेंढरांच्या ढुशीनं वाकलेला एक व्यापारी वाट बघत होते. सोनबानं तर जरा मागं सरून जागा केली.

कोंडाबाईनं हात झटकले. “आत्याबाई,” ती म्हणाली, “मीठ द्या.”

“मडकं अजून वरच हाय.”

“मडक्यातलं नगं. पदराच्या गाठीत उरलं असंल ते द्या. मेंढरांनी समदं थोडंच चाटलं आसंल.”

आधी नूरुद्दीन हसला, आणि कळ येऊन थांबला. मग सोनबा. मग रायबा, ज्याला हसायला दिवसभर फुरसत मिळाली नव्हती. सारजाबाईनं पदर चाचपला. मेंढरं मिठामागं कुठंही येतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं; फक्त ते कुणी उच्चारलं नव्हतं. तिनं गाठ सोडली, खडेमीठ मुठीत घेतलं, उठली, आणि घराच्या त्या टोकापर्यंत चालत जाऊन सुनेच्या ओंजळीत ओतलं.

“बेतानं टाक,” ती म्हणाली.

“खारट झालं तर सांगा,” कोंडाबाई म्हणाली. “चार दिस सांगा.”

जेवणं झाली. सारजाबाईनं दोनदा रस्सा मागून घेतला आणि मिठाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई आपल्या नव्या जागी बसून मिसरी लावत होती. वाटेवरून पहिलं माणूस दिसलं ते येणारं नव्हतं, जाणारं होतं. घोंगडं खांद्यावर, पागोटं नीट बांधलेलं, नूरुद्दीनच्या लोकरीच्या गाडीमागून चालणारा. तो बिरू होता.

“कुठं निघाला गं ह्यो?”

“कापूरहोळला,” मागून ठकुबाई म्हणाली. “मोटारीत बसाया. आठ दिसांनी येतो म्हणालं.”

“बकरं तर काल खाल्लं. भाडं कुठलं?”

ठकुबाईनं पाय मागं घेतला. सारजाबाईनं तिच्या पायाकडं पाहिलं. बोटं मोकळी होती.

तर हिशेब असा झाला. कोंडाबाईला चूल मिळाली, पाणी मिळालं. वाट दिसायची ती तिनं दिली, आणि कामथडीहून कोण आलं ते यापुढं तिला सासूकडून कळणार होतं. रायबाला अख्खं घर मिळालं, आणि एक न जन्मलेलं करडू अंगावर आलं. नूरुद्दीननं चार बोटं उंचीची सूज घेतली. ठकुबाईला शिंकं मिळालं, आणि फुकट मिळालेल्या मासोळ्या तिनं नवऱ्याला देऊन टाकल्या. असं ती वागेल असं कुणी धरलं नव्हतं, तिनंही नाही. चाळीस वर्षांनी वाट मिळवून बसलेल्या सारजाबाईनं मात्र एक कलम धरायचंच विसरलं होतं. ज्या वाटेवर येणारा आधी दिसतो, तिच्यावर जाणाराही शेवटपर्यंत दिसत राहतो. बिरूचं पागोटं वळणाआड जाईपर्यंत ती बघत होती, मिसरीचं बोट तोंडातच राहिलं होतं. त्याच्या मोटारीचं भाडं तिनंच भरलं होतं.